पाठमोरी पाच पावलं

प्रिय भुवी,

तुला मावशीकडं कुर्डुवाडीला जाऊन आज नववा दिवस. माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर चौथीतलंच आहे, लावून घे. म्हैस व्याली, रेडी झाली. बाबांना बाजारातून दावं आणायला सांगितलं, तर कढई घेऊन आले. आणि मावशी सांगते, आता शिकणार नाही म्हणतेस, स्थळ बघा म्हणतेस. व्हय?

तुझ्या क्लासच्या सरांची मला किळस आली आहे. काल तुझ्या क्लासातली सृष्टी तुझा तपासलेला पेपर घेऊन आली. म्हणाली, काकू, एका बिंदूचा पत्ता दिला होता, अंतर पाच आणि वळण तीस अंश. त्याच बिंदूचा दुसरा पत्ता लिहायचा. छापील उत्तर पाच आणि तीनशे नव्वद. भुवीनं लिहिलं उणे पाच आणि दोनशे दहा, त्यावर सरांनी चुकीची रेघ मारली. मला काय कळतंय कपाळ! मग तिनं मला अंगणात म्हशीच्या खुंट्याशी उभं केलं. दाराकडं तोंड, थोडं डावीकडं वळा, पाच पावलं चाला. हौद आला. परत खुंट्याशी येऊन आख्खी गिरकी घेतली, तेवढंच वळले, पाच पावलं. हौदच. त्यात काय, आमच्या आज्याचा बैल खळ्यातल्या खांबाभोवती शंभर फेऱ्या मारून तिथंच यायचा. मग म्हणाली, आता भुवीचं उत्तर: दोनशे दहा म्हणजे खुंट्याशी हौदाकडं पाठ करा, आणि उणे पाच म्हणजे पाच पावलं मागं जा. माझी टाच हौदाला आपटली की गं!

तशीच एसटी धरून सोलापूरला गेले. सर मोबाईलातून मान वर न काढता म्हणाले, छापील उत्तरात नाही ते चूक. म्हटलं, उठा, त्या फळ्याकडं पाठ करा आणि मागं चाला, बघू कुठं पोचता. पोरं फिदीफिदी हसली. मग हळूच म्हणतो कसा, बरोबर असेल हो बाई, पण पेपर तपासून झाले आता. थू! न कळणारा परवडला. कळूनही रेघ न पुसणारा माणूस लई घाण.

पण त्याहून घाण मला माझ्या, तुझ्या आईच्या हाताची वाटते. त्या दिवशी त्याच माणसानं पोरगी मनचं लिहिते म्हटलं, आणि मी क्लासच्या दारात, सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत दिली. तू रडत सांगत होतीस, अव्वा, जागा तीच आहे गं. मी ऐकलं नाही.

सोमवारी तुझा पुढचा पेपर आहे. माझ्याशी बोलू नकोस, तोंडही दाखवू नकोस. पाठमोरी ये, पण घरी ये. मी हौदापाशी उभी आहे.

तुझीच, चुकीची रेघ मारलेली,
अव्वा