गोळ्या, नळी आणि माझा उजवा हात

बुधवार, ८ जानेवारी
तीनशेपैकी २३१! तीस वर्षं याच क्लबात पिस्तूल चालवतोय. आज माझ्या दोन गोळ्या शेजारच्याच्या कागदावर लागल्या असाव्यात, कारण शेजारी फार खूश होता.

एल्वुड, आमच्या संघाचा कप्तान, हळूच म्हणाला, विकतच्या घे ना, तांब्याचं वेष्टण असलेल्या. मला! मी माझ्या गॅरेजमध्ये स्वतः ओतलेल्या शिशाच्या गोळ्याच वापरतो हे अख्ख्या पेनसिल्व्हेनियाला ठाऊक आहे. निदान आमच्या गल्लीला तरी.

दोष शिशाचा. या वेळी वितळवायला टायरवाल्याकडून चाकं तोलायची शिशाची जुनी वजनं आणली होती. मऊ निघाली.

गुरुवार, ९ जानेवारी
सकाळी कॉफी सांडली. बायको, व्हर्ना, म्हणाली, हाताला काय होतंय ते दाखवून ये. मी म्हटलं, कपाचा कान सैल झालाय. ती गेल्यावर कान हलवून पाहिला. पक्का आहे.

बाबांचंही साठीनंतर असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी आई त्यांना सूप भरवायची. मी त्रेसष्टचा. भीती वाटते. लिहिलं एकदा, आता पुरे.

रविवार, १२ जानेवारी
दिवसभर गॅरेजमध्ये. शिसं कडक केलं, सहाशे गोळ्या ओतल्या. बाहेर बर्फ, म्हणून दार बंद. पंखाही बंद – सगळी ऊब बाहेर ओढून नेतो मेला. सोबतीला खाऱ्या प्रेट्झेल बिस्किटांची मोठी पिशवी.

व्हर्ना डोकावली. माझी करडी बोटं बघितली, पिशवी बघितली. म्हणाली, "अरे, खाण्याआधी हात तरी धुवावेत माणसाने." लग्न झाल्यापासून सांगतेय. गोळ्या मात्र काय देखण्या आल्यात!

बुधवार, १५ जानेवारी
२२४. देखण्या गोळ्या, २२४.

पिस्तुलाच्या नळीत आतून शिसं चिकटलेलं. दोन तास ब्रश मारला. दंड भरून आले. हात त्यामुळेच हलतोय.

शनिवार, १८ जानेवारी
सापडलं! सापडलं!! गाढव आहे मी!

भरलेल्या काडतुसातून गोळी उपसून मोजली. काडतुसाच्या पितळी पुंगळीत जाताना नळीच्या मापाला बरोबर, बाहेर आली ती बारीक होऊन! मी पुंगळीचं तोंड जोर लावून आवळत होतो. आतलं बिचारं शिसं चेपत होतं. मग चेपलेली गोळी नळीत डुगडुगणार, बाजूने गरम धूर निसटणार, शिसं चिकटणार. गोळी बसावी म्हणून फाकवलेलं तोंड नुसतं सरळ करायचं असतं, गळा दाबायचा नसतो. गेल्या वर्षी क्लबातल्या नवशिक्यांना नेमकं हेच शिकवलं होतं मी. फळ्यावर आकृती काढून.

आनंदाने उडी मारली, डोकं फळीवर आपटलं.

व्हर्नाला सगळं समजावलं. तिला आनंद झालेला दिसला नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आता गोळ्या ठीक?"

"एकदम."

"मग बुधवारी गुण आले नाहीत, तर गुरुवारी डॉक्टर. कबूल?"

छाती फुगवून म्हटलं, कबूल.

मंगळवार, २१ जानेवारी
नव्याने भरलेल्या गोळ्या. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पंचवीस यार्डांवरून दहा झाडल्या. दहाच्या दहा छिद्रं सोड्याच्या बाटलीच्या बुचाखाली झाकली गेली. एल्वुडने शीळ घातली. म्हणाला, विकतच्यांनाही हे जमत नाही.

आयुष्यात एवढ्या चांगल्या गोळ्या मी ओतल्या नव्हत्या. आणि घरी येताना गाडीत रडू आलं. एक तरी वाकडी जायला हवी होती.

बुधवार, २२ जानेवारी
२१९.

गुरुवार, २३ जानेवारी
व्हर्ना गाडीची किल्ली घेऊन दारात उभी.

डॉक्टरने नाकाला बोट लावायला लावलं, सरळ रेषेत चालवलं. बाबांचं सांगितलं, तेव्हा त्याने मान हलवली. ते मला आवडलं नाही. मग विचारलं, निवृत्त झाल्यावर वेळ कसा घालवता? अखेर कुणीतरी विचारलं! शिसं कसं वितळवायचं, वरचा मळ कसा काढायचा, बंद दार, प्रेट्झेल – सगळं रंगवून सांगितलं. त्याने लिहायचं थांबवलं. मग भराभर लिहायला लागला. रक्त काढून घेतलं. वाटलं, याला पण छंद लागला बहुतेक.

शुक्रवार, ३१ जानेवारी
बाबांचा आजार नाही. रक्तात शिसं आहे, भरपूर. साचा बंद, गॅरेज बंद, उपचार सुरू. डॉक्टर म्हणतो, हात बहुधा थांबेल.

व्हर्नाला म्हटलं, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, दोष गोळ्यांचाच आहे."

ती हसली. मग माझा हात धरून बसली.