छान, थँक यू

प्रिय लॉरेटा,

लष्करी इस्पितळात नर्स असताना स्ट्रेचर उचलून उचलून माझी पाठ गेली. सरकारने अपंगत्व तीस टक्के ठरवलं, भत्ता त्यावरच. आता मोजेसुद्धा घालता येत नाहीत, तरी आकडा तोच. वाढवून मागावा का, हे विचारायला मी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये हँककडे गेले. असले अर्ज तोच भरून देतो, आणि मला अजून कॅप्टनच म्हणतो.

"कॅप्टन, मागच्या तपासणीला लिपस्टिक लावून गेला होतात?"

"मग काय, नाइटगाउनमध्ये जायचं?"

"आणि डॉक्टरने 'कशा आहात' विचारल्यावर?"

"छान, थँक यू म्हटलं. ताठ उभं राहून. शाळेत नन्सनी तेच शिकवलंय."

"त्याने तेच लिहिलं ना!"

देशासाठी मोडलेली पाठ मी आता विव्हळत दाखवायची! शिवाय तुमचे वाईट दिवस पाहिलेल्या माणसाचा जबाब हवा म्हणे. घरात कोण असतं, असं हँकने विचारलं. मी म्हटलं, मांजर.

"तिला सही येते?"

मेल्याच्या विनोदाला मी हसले. मग बराच वेळ गाडीत नुसती बसून राहिले.

मी अर्ज करणार आहे. जबाबासाठी तुझं नाव देऊन बसले आहे. पण तू मला शेवटचं पाहिलंस ते आपल्या आईच्या दफनाच्या वेळी, आणि तिथेही मी ताठच उभी होते. हे पत्रसुद्धा फार नीटनेटकं झालंय, म्हणून पाठवत नाही. रविवारी फोन करीन. 'कशी आहेस' असं तू विचारशीलच. तेव्हा 'छान' म्हणायचं नाही, एवढंच मला जमवायचं आहे.

तुझी,
बर्नडेट