औषध अजून चार दिवस

बाबा,
तुम्ही फिरून यायच्या आत निघतेय, दहिसरला सातची ड्युटी आहे. रेवाचा ताप उतरला असला तरी लघवीच्या इन्फेक्शनचं औषध अजून चार दिवस द्यायचंच आहे. मधेच थांबवलं तर दुखणं उलटेल, असं डॉक्टर म्हणाल्या. बाटली फ्रिजच्या दारात आहे. नीट हलवून नाश्त्यानंतर पाच एमएल द्या.

शाळेतलं टॉयलेट घाण म्हणून ती दिवसभर दाबून ठेवायची, हे तिने तुम्हालाच सांगितलं. चड्डी ओली केली म्हणून मी तिला ओरडले. "अगं, पोरीला दुखतंय," म्हणालात तर तुमच्यावरही. काल झोपवताना तिला सॉरी म्हटलं, तर म्हणाली, "आजोबांना पण म्हण ना."

चुकलं माझं, बाबा. संध्याकाळी समोर बसून पुन्हा म्हणते.

मधुवंती