वरचा पाइप बदलला आहे

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: गाडीची देखभाल स्वतः करायची. रिटायर झालेल्या माणसानं गॅरेजला कशाला जायचं? इंजिन थंड असताना रेडिएटरचे पाइप दाबून बघितले. वरचा पिकल्या केळ्यासारखा मऊ. खालचा क्लिपजवळ फुगलेला. दोन्ही बदलायला झालेत. नवे आणले. काम सोपं आहे. उद्या पहाटे, ऊन व्हायच्या आत; इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.

५ जानेवारी
पहाट हुकली. मग क्रिकेट.

६ जानेवारी
ग्लेनिस तिच्या बहिणीशी, बेरिलशी, फोनवर बोलत होती. एकोणीसला मिल्ड्युरात बेरिलच्या डोळ्याचं ऑपरेशन. ग्लेनिसच तिला आमच्या गाडीनं नेणार. इथून, ब्रोकन हिलपासून, तीनशे किलोमीटर, वाटेत चिटपाखरू नाही. बेरिल मुळात घाबरट. फोनवर हात ठेवून ग्लेनिसनं विचारलं, "क्लाइव्ह, पाइप बदललेस ना रे?" म्हणालो, हो. हे काही खोटं नव्हे. थोडं आगाऊ सांगितलं, इतकंच.

८ जानेवारी
ग्लेनिसनं लेमन केक केला, खास माझ्यासाठी. म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तू एखादं काम मागे न लागता केलंस." दोन तुकडे खाल्ले. दुसरा नको होता. पण टाकला असता तर तिला संशय आला असता.

११ जानेवारी
ग्लेनिस बोलिंग क्लबात गेल्यावर कामाला लागलो. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ट्रेमध्ये काढलं, वरची क्लिप सैल केली, पाइप निघाला, नवा बसला. मी यात उगाच नव्हतो पडलो! खालच्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं. झोपलो. पाइप जागचा हलेना. ओढला, पिळला, शेवटी विनवण्या केल्या. पाठीत चमक भरली.
आडवा पडल्या पडल्या विचार केला. इंजिनातलं उकळतं पाणी वरच्या पाइपातून येतं. खालच्यातून जातं ते गार झालेलं. म्हणजे खरे कष्ट वरच्याला. खालचा जवळजवळ माझ्यासारखाच, रिटायर. तेव्हा निम्म्याहून जास्त काम झालं असं म्हणायला हरकत नाही. कुलंट परत भरलं.

१४ जानेवारी
ग्लेनिसनं क्लबात भलताच गाजावाजा केलाय. शेजारचा ड्रागो त्याची यूट, म्हणजे पिकअप गाडी, घेऊन दारात हजर. "मास्तर, जरा आमच्या गाडीचेही पाइप बघा की!" बघितले. नाही कसं म्हणणार? खालचा फुगला होता. मी बजावलं, "हे अंगावर काढू नकोस. भर उन्हात फुटला तर रस्त्यातच अडकून पडशील." ड्रागो गंभीर झाला आणि संध्याकाळच्या आत बदलून मोकळा.
माझा पाइप अजून शेडमध्येच.

१७ जानेवारी
सांगून टाकायचं ठरवलं. स्वयंपाकघरात गेलो, तर बेरिल बसलेली, बॅग भरून, दोन दिवस आधीच. म्हणाली, "क्लाइव्ह, तुझ्या भरवशावर निघालेय हं. नाहीतर बसनंच गेले असते." म्हटलं, निर्धास्त जा. मग शेडमध्ये जाऊन बसून राहिलो. नवा पाइप समोरच होता. त्याच्यावर फडकं टाकलं.

१८ जानेवारी
पाठ.

१९ जानेवारी, सकाळ
गेल्या. मी फाटकाशी उभं राहून हात केला. नंतर सगळ्या घराची फरशी पुसली. खिडक्यासुद्धा.

२० जानेवारी
काल पुढचं लिहायला झालं नाही.
एका ट्रकवाल्याच्या फोनवरून ग्लेनिसचा फोन आला. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढताना दिसला म्हणून तिनं लगेच गाडी थांबवली. खालचा पाइप फुटला होता. "नवा पाइप, क्लाइव्ह! नवा कोरा!" मी म्हणालो, हल्ली मालच तसा येतो. फोन ठेवला आणि स्वतःचीच किळस आली. ड्रागोची यूट मागितली, पाइप, अवजारं आणि पाण्याचा कॅन घेऊन सुटलो.
दोघी वाटेतल्या कूम्बा थांब्याच्या अलीकडे होत्या. ग्लेनिस बॉनेट उघडून उभी. फाटक्या पाइपावर बोट ठेवून म्हणाली, "हा नवा?"
"वरचा बदलला आहे," मी म्हणालो.
"आणि हा?"
"बदलणार होतो."
ओरडली असती तर बरं झालं असतं. बेरिल मांडीवर पर्स धरून मान खाली घालून बसलेली. ग्लेनिसनं तिला धरून यूटमध्ये बसवलं आणि दोघी मिल्ड्युराला गेल्या. मी, गाडी आणि माश्या मागे राहिलो.
जुना पाइप टाकूनच द्यायचा होता, म्हणून चाकूनं चिरला. अलगद सुटला. नवा बसवला, क्लिपा आवळल्या. थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा अजून कढत होता. एवढंच काम होतं.
हात काळेकुट्ट झाले होते. ग्लेनिसच्या सीटकव्हरना डाग नकोत, निदान एवढी तरी काळजी घ्यावी, म्हणून साबण लावून खसखसून धुतले, कोपरापर्यंत. मग रेडिएटरचं झाकण उघडलं आणि कॅन उचलला.
कॅन हलका लागला.
दोन ट्रक गेले. मी हात केला. त्यांनीही हसून हात केला.
ऊन उतरल्यावर यूट परत आली. मी पुढे होऊन म्हणालो, पाइप एकदम फिट बसवलाय. ग्लेनिसनं रिकाम्या कॅनकडे पाहिलं, मग कोरड्या रेडिएटरकडे. बेरिल हळूहळू खाली उतरली. एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं तिनं मला नीट न्याहाळलं.
"ग्लेनिस," ती म्हणाली, "याचे हात बघ गं. किती स्वच्छ आहेत."