शिरा खाल्ल्यानंतर एक तास

६ जानेवारी १९९२, धुळे

प्रबंधाला लागलो एकदाचा! विषय — वय, बाई-पुरुष आणि पित्ताशयाची हालचाल. तुपकट खाल्लं की ही पिशवी आकसते, पित्त बाहेर टाकते. आळस केला तर पित्त साचतं, खडे होतात. बायकांना जास्त. का? ते म्हणे आता मी सांगणार!

उपाशीपोटी सोनोग्राफी, मग वाटीभर तुपाळ शिरा, तासाने पुन्हा सोनोग्राफी. शिरा आमच्या वॉर्डातल्या आया, बेबाबाई, करतात. मशीनपेक्षा मला त्यांचाच भरवसा जास्त.

२० जानेवारी

पुरुष ठीक. तरुण बायका ठीक. पन्नाशीपुढच्या बायकांची पिशवी मात्र ढिम्म!

३ फेब्रुवारी

पन्नाशीपुढच्या बावीस जणी झाल्या. एकोणीस ढिम्म, तिघी ठणठणीत. माझे गाइड सर जाम खूश — "आलेख काय सुरेख आलाय! त्या तिघी अपवाद, वगळून टाक."

वगळल्या. तेवढाच माझा त्रास कमी.

११ फेब्रुवारी

त्या एकोणीस जणींतल्या शिंदखेड्याच्या यशोदाबाई पुन्हा आल्या. सोबत त्यांचे मालक, भाईदास आबा. दारातूनच म्हणाले, "डाक्टर, शिरा भलता भारी व्हता! आखो कव्हय येवानं?"

पुन्हा कधी यायचं म्हणे! तपासणी तर बाईंची. शिरा यांनी कुठे खाल्ला?

यशोदाबाईंना विचारलं. खुळा प्रश्न विचारल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मालक उपाशी बठेल व्हतात. त्यासना आगोदर मी कशी खाऊ?"

मी खुर्चीत बसलो.

१३ फेब्रुवारी

दोन दिवस कागद आणि पत्ते धुंडाळले. एकोणीसही जणींचे नवरे बाहेर बाकावर होते! वाटी पदराआड बाहेर गेली, रिकामी आत आली. तरुण मुली आपापल्या आईबरोबर आलेल्या, त्यांनी खाल्लं. आणि त्या तिघी अपवाद? तिघी विधवा. निवांत बसून, चाटूनपुसून खाल्लं.

१७ फेब्रुवारी

पाच जणींना परत बोलावलं. नवऱ्यांना बाहेर वेगळा शिरा, यांना माझ्यासमोर. पाचही पिशव्या झकास आकसल्या! यशोदाबाई दुसऱ्यांदा वाढा म्हणाल्या. इतकं बरं वाटलं!

धावत सरांकडे गेलो. ते म्हणाले, "शुक्रवार शेवटची तारीख. पुन्हा करत बसलास तर वर्ष गेलं. आणि निष्कर्ष पुस्तकाशी जुळतोय ना?"

जुळतोय. पुस्तकवाल्यांचा शिरा कोणी खाल्ला, कोण जाणे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रबंध दिला. निष्कर्ष तोच — वय झालं की बाईचं पित्ताशय सुस्तावतं. लाज वाटली. सही केली.