धुतलेला कचरा

आये, सरावलीत भिंतीच्या कडेला तू जिथे बसायचीस तिथे आता एका कंपनीचं फाटक आहे. निळं, उंच, दोन ट्रक एका वेळी आत जातील एवढं रुंद. सध्या त्याला साखळी आणि कुलूप आहे. आत एक मोठं यंत्र आहे, ते घराघरातल्या कचऱ्यापासून विमानाचं इंधन करणार होतं. हे ऐकून तू तोंडावर पदर धरून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "आनि विमानात बसनार कोन?" हा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नाही. मीही नाही.

तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते. आता मी मुंबईत नोकरी करते. तुला कळेल असं सांगायचं तर, पैसेवाले लोक आमच्याकडे पैसा देतात आणि तो कुठल्या कंपनीत लावायचा हे आमचं ऑफिस ठरवतं. पर्यावरणाचं भलं करणाऱ्याच कंपन्या आम्ही निवडतो, असं आमच्या माहितीपत्रकावर छापलं आहे. माझं काम जागेवर जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा. हे पत्र मी त्या अहवालाच्या जादा प्रतींच्या मागे लिहिते आहे. तू एमआयडीसीतल्या ऑफिसांतून आलेले एका बाजूला कोरे कागद वेगळे काढायचीस आणि सुतळीने शिवून मला वही करून द्यायचीस. दहावीपर्यंतची माझी सगळी गणितं त्या वह्यांत झाली. कोरी बाजू दिसली की अजून माझा हात कागद टाकून द्यायला धजत नाही.

तू असतीस तरी हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं. शाळेतून चिठ्ठी आली की मी दारात उभी राहून मोठ्याने वाचायचे, आणि "वर्गात फार बोलते", "गृहपाठ अपुरा" अशा ओळी आल्या की श्वासही न घेता पुढे सरकायचे. तू म्हणायचीस, "मास्तरांनी लिवलंय एवढं लांब, नि तुझं वाचन तोकडं कसं गो?" मी म्हणायचे, बारीक अक्षर आहे. तू मान हलवायचीस. तुला कळत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

सकाळचा तो वास मला अजून आठवतो. चाळींतला कचरा हातगाडीवरून येतो, तू आणि मावशी भिंतीच्या सावलीत पोत्यावर बसता, आणि ढिगात हात घालता. मावशी सारखी बोलत असते, कोणाच्या घरी काल कोंबडी झाली, कोणाचा नवरा परत प्यायला लागला, सगळं तिला कचऱ्यावरून कळतं. तू गप्प असतेस. तुझा हात बोलतो. पुठ्ठ्याची घडी नुसती उचलून तू सांगतेस की ही आतून ओली आहे, उन्हात टाक. बोंबलांची मुंडकी, भात, चहाचा चोथा एकीकडे. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, कागद दुसरीकडे. "ओलं सुक्यात गेलं तर दोनी मेलं," असं तू म्हणायचीस. पुढे मी पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, मावशीने सगळ्या चाळीत साखर वाटली. पण कचऱ्यातल्या ओलाव्याबद्दल मला जे खरं माहीत आहे ते त्या सावलीतलंच आहे.

आणि मी मार खाल्ला ती गोष्टही त्याच भिंतीपाशी सुरू झाली. मी सातवीत होते. भंगारवाल्याला देण्याच्या पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर मी मधोमध तांब्याभर पाणी ओतलं होतं, वजन वाढावं म्हणून. दुसऱ्या चाळीतल्या मुली करायच्या. भंगारवाला भय्या हुशार होता, त्याने गठ्ठा काट्यावर ठेवायच्या आधीच विचारलं, "आज पुट्ठा नहा के आया है क्या, बेटी?" सगळे हसले. तू हसली नाहीस. तू गठ्ठा परत उचलून माझ्या डोक्यावर दिलास आणि घरापर्यंत चालायला लावलंस. पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. दारात तू मला एक थोबाडीत दिलीस आणि म्हणालीस, "त्यानं पुठ्ठ्याचं वजन घ्यावं, पान्याचं नाय. आपन कचऱ्यात बसतो म्हनून आपला शबुद पन कचरा हाय काय?" मग एकेक पुठ्ठा सोडवून आपण दोघींनी अंगणात वाळत घातला. त्या दिवशी शाळा बुडली.

आता त्या यंत्राबद्दल सांगते. कचरा वाळवायचा, बारीक करायचा, अगदी कमी हवेत तापवून त्याचा वायू करायचा आणि त्या वायूपासून तेल बनवायचं. थाप नाही ही, असं होतं. मी पुस्तकात वाचलं, लहान यंत्रावर होताना डोळ्यांनी पाहिलं. फक्त कचरा कोरडा पाहिजे. ओला आला तर तो वाळवण्यातच एवढी उष्णता जाते की पुढे काही उरत नाही. कंपनी जागा शोधत होती तेव्हा बोईसरचं, आपल्या सरावलीचं नाव मीच सुचवलं. मला वाटलं, आपल्या बायकांना डोक्यावर छप्पर मिळेल, हातमोजे मिळतील, महिन्याचा पगार मिळेल. तुझ्या नखांत राहायचं ते काळं कोणाच्या नखांत राहणार नाही. मी हे सगळं बैठकीत बोलून दाखवलं तेव्हा माझा आवाज थरथरला होता. आमच्या साहेबांनी नंतर सांगितलं की त्या थरथरीनेच निम्मं काम झालं.

गुंतवणूकदार बघायला येणार होते आणि त्यांच्यासमोर कचऱ्याचा नमुना घ्यायचा होता. होळीनंतरचे कडक उन्हाचे दिवस. सकाळी मी पुढे पोचले तर चाळीच्या तारांवर दुधाच्या पिशव्या वाळत घातलेल्या. एकेक पिशवी उलटी करून धुतलेली, चिमटा लावलेली, लहान मुलांच्या झबल्यांसारखी. पुठ्ठ्यांच्या घड्या घातल्या होत्या. नारळाच्या करवंट्या घासल्या होत्या. मासळीचा, भाताचा, भाजीचा सगळा ओला कचरा बायकांनी पहाटेच गाडीत भरून लांब नेऊन टाकला होता. ढिगाभोवती झाडलं होतं. एक माशी नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून उभी होती.

मी म्हटलं, "मावशी, हे काय केलंत?"

"पावन्यांसमोर घान ठेवायची काय? ते बोलतील, सरावलीच्या बायकांना वळन नाय." मग ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुझी इज्जत ती आमची इज्जत. तुझी आई असती तर तिनं भांड्यासारखा घासला असता कचरा."

पाहुणे गाड्यांतून उतरले. एका बाईंनी नाकाला लावायला रुमाल काढला होता, त्यांनी तो परत ठेवला. "वास अजिबात येत नाही हो," त्या म्हणाल्या. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की मुंबईत त्यांच्या सोसायटीला हे दाखवायला पाहिजे. मी हातमोजे घातले आणि पुस्तकात दिलं आहे तसाच नमुना घेतला. ढीग नीट मिसळायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, परत मिसळायचे, परत चार भाग. माझं एकही पाऊल चुकलं नाही. पिशवीला मोहोर लावली आणि कागदावर लिहिलं, "नमुना रोजच्या संकलनातून." मावशीने सगळ्यांना चहा दिला. प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा साहेब म्हणाले, एवढा चांगला कचरा त्यांनी देशात पाहिला नाही.

पैसा आला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यंत्र उभं राहिलं, निळं फाटक बसलं. आजूबाजूच्या ग्रामपंचायतींशी करार झाला की सगळा कचरा थेट कंपनीकडे जाईल आणि मध्ये कोणी हात लावणार नाही. बायकांना ओळखपत्रं मिळाली, फाटकाच्या आत पत्र्याची शेड झाली. दोन महिने मावशी गळ्यात ओळखपत्र घालून भाजी आणायलाही जायची. मग पाऊस लागला, आणि खरा कचरा यायला लागला. सातपाटीहून कोळंबीची सालं आणि खाऱ्या पाण्यात भिजलेले जाळ्यांचे तुकडे. बोईसरहून भात, डाळ, डायपर, शहाळी, सगळं एका पिशवीत गाठ मारून. बायका हाताने काढून काढून किती काढणार? सरकता पट्टा थांबायचा, भट्टी थंड पडायची, मिठाने आतले नळ खाल्ले. वाळवायला डिझेल जाळत होते, आये. कचऱ्याचं इंधन करायला इंधन. थेंबभर तेलही विमानापर्यंत गेलं नाही. दिवाळीच्या आधी फाटक बंद झालं.

बायका परत भिंतीपाशी जाऊन बसल्या असत्या, पण करार अजून उभा आहे, कचऱ्यावर हक्क कंपनीचाच. कचऱ्याच्या गाड्या आता कुठल्यातरी दुसऱ्या खड्ड्यावर जातात आणि शेडमध्ये ढीग कुजत पडला आहे. त्यातल्या बाटल्या मावशीला फाटकाच्या फटीतून दिसतात. निम्म्याजणी कारखान्यांत रोजंदारीवर झाडू मारायला जातात. मावशीला या वयात कोणी घेत नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. गुंतवणूकदारांना कारण द्यायचं होतं. मसुद्यात मी लिहिलं होतं की पहिला नमुना खरा नव्हता, तो धुतलेला होता, आणि तो मी घेतला होता. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं.

"हे वाक्य ठेवलंस तर तुझी नोकरी जाईल आणि परत या क्षेत्रात कोणी उभं करणार नाही," ते म्हणाले. "आणि त्याने प्लांट सुरू होणार आहे का?"

"नाही सर."

"मग? 'स्थानिक महिलांकडून वर्गीकरणात सातत्य राहिलं नाही', एवढं पुरे. कोणाचं नाव नाही, कोणाला लागत नाही."

मी सही केली.

रविवारी सरावलीला गेले होते. मावशीने चहा ठेवला, माझ्या पुढ्यात बसली. ओळखपत्र खिळ्याला टांगलं आहे, तुझ्या फोटोच्या शेजारी. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तिने विचारलं, "एक सांग गो. आमचा कचरा नापास झाला काय? तेवा तर पास झालेला."

"नाही मावशी. यंत्रातच खोट होती."

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, आमच्याच हातनं काय चुकलं." आणि तिने माझ्या बशीत आणखी एक खारी ठेवली. ती मला खावी लागली.

मला राग येतो, आये. रुमाल परत ठेवणाऱ्या त्या बाईंचा येतो, ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या कचऱ्याचा डबा खाली नेला नसेल आणि ज्यांना विमानात बसताना मन हलकं पाहिजे होतं. साहेबांचा येतो. करार करून मोकळ्या झालेल्या सगळ्यांचा येतो. तुझाही येतो, की तू मला एकच थोबाडीत दिलीस आणि ती पाणी घालण्यासाठी होती. पाणी काढून घेऊनही माणसाला फसवता येतं, हे तुला ठाऊक नव्हतं. असतं तर तेही शिकवलं असतंस.

वर मी लिहिलं आहे की बायकांना कोणी सांगितलं नव्हतं. ते तसं नाही. नमुन्याच्या दोन दिवस आधी मी मावशीला फोन केला होता. कचरा धुवा असं मी म्हटलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मावशी, मोठे पाहुणे येणार आहेत." आपल्या बायका हे ऐकून काय करतील, हे मला पुरतं ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

हे कागद मी घडी करून सुक्याच्या पिशवीत टाकणार आहे. आणि आये, तू असतीस, दारात बसून ऐकत असतीस, तर ही शेवटची गोष्ट मी गाळून वाचली असती.