इंजिनाच्या पुस्तकाचं शेवटचं पान

बाबा, तुझ्या इंजिनाचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. आईने ते चुलीत घालायला काढलं होतं, तेव्हा मी मागून घेतलं. कशाला हवं, हे तिला सांगितलं नाही. आज तुला सांगायला बसले आहे.

मी दहावीत असताना दिवाळीनंतर आपल्या होडीला इंजिन बसलं, आचऱ्याच्या खाडीतलं पहिलंच. बसवायला आलेला माणूस दोन दिवस राहिला आणि जाताना तुझ्या हातात ते इंग्रजी पुस्तक देऊन गेला. तू ते सरळ माझ्यासमोर ठेवलंस. आई भाकऱ्या थापते आहे, धूर डोळ्यांत जातो आहे, आणि तू उकिडवा बसून विचारतोस, "काय सांगता गो तां पुस्तक?" मी डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावते. तेल किती घालायचं, हँडल कसं मारायचं, थांबवायचं कसं. शेवटच्या पानावर मात्र मी अडले. बारीक छपाई, एकही वाक्य पुरतं लागेना. "आणि ह्या पानार?" तू विचारलंस. इंग्रजीत वर्गात पहिली येणारी मुलगी मी. मला येत नाही, असं तुझ्या तोंडावर म्हणवेना. "काय नाय, कंपनीचो पत्तो," मी म्हणाले. तू मान हलवलीस आणि पुस्तक फडक्यात गुंडाळून ठेवलंस.

त्याच सुमारास सरांनी वर्गात 'गेट द हँग ऑफ इट' शिकवलं. नवी गोष्ट आधी परकी वाटते, मग हळूहळू अंगवळणी पडते, तिची भीती जाते, तेव्हा इंग्रजीत असं म्हणतात. प्रत्येकाने घरचं एक वाक्य करून आणा, सर म्हणाले. मी तुझं आणि इंजिनाचं केलं. सरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंस. "म्हणजे हात बसलो. ह्यां आमी म्हणतोच," तू म्हणालास. पण इंग्रजीतलं तुला जास्त आवडलं. किनाऱ्यावर कोणी इंजिनाचं विचारलं की तू म्हणायचास, "गॉट द हँग." काका चिडवायचा, "बाजूक व्हा रे, साहेब इलो."

तुझा हात बसला होता, हे खरंच. शीड होतं तेव्हा तू रोज पहाटे गुडघाभर पाण्यात उभा राहायचास. पाणी आणि वारा बघत. कधी तसाच माघारी यायचास आणि "आज नको" एवढंच सांगून आडवा व्हायचास. इंजिन आल्यावरही महिनाभर तू तसा उभा राहिलास. मग थोडा थोडा वेळ. मग एके दिवशी थेट होडीत चढलास. मी दारातून पाहत होते. मला बरं वाटलं, माझं वाक्य खरं ठरलं म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात नारळी पुनवेला चार दिवस होते. पाऊस थांबला होता आणि समुद्र सपाट दिसत होता, नको इतका. गावच्या सगळ्या होड्या वाळूवर माडाच्या झापांखाली झाकलेल्या. तुझीच तेवढी तू आदल्या दिवशी खाडीत उतरवून घेतली होतीस. आई पेज वाढताना म्हणाली, "नारळ पडाक नाय अजून. दर्यो आपलो नाय." तू उभ्यानेच पेज प्यायलास. "शिडाक नारळाची वाट बघूक व्हयी. माका इंजिन आसा." काका रोज तुझ्याबरोबर असायचा, पण त्या दिवशी आला नाही. "नारळाआदी माका बोलव नको," म्हणाला आणि वाळूवर बसून राहिला.

तू एकटा गेलास. आई आणि मी दारात उभ्या राहून आवाज ऐकतो आहोत. खाडीच्या तोंडापर्यंत तो नीट येतो. बाहेर पडल्यावर थांबतो. पुन्हा सुरू होतो. पुन्हा थांबतो. आई माझ्याकडे बघते, जणू त्यातलं मला काही कळतं. तेवढ्यात वारा फिरला. काकाने चौघांना हाक मारून झाप ओढून काढले, एक होडी पाण्यापर्यंत आणली, पण तोवर बाहेर काही दिसेनासं झालं होतं. तिसऱ्या दिवशी आपली होडी खडकांत मिळाली. तू मिळाला नाहीस.

नारळाआधी गेला म्हणून गेला, असं गाव म्हणालं. आई शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. काकाही. कोणी तसं म्हटलं की मी मान हलवायची. मला ते सोयीचं होतं.

मी पुढे इंग्रजीच शिकवलं, तीस वर्षं. तो वाक्प्रचार दरवर्षी यायचा. मुलं घरची वाक्यं करून आणायची, कोणाच्या भावाची सायकल, कोणाच्या आईचं शिलाई मशीन. मी बरोबरची खूण करायची आणि वही मिटायची. वाचून कुठलंच दाखवलं नाही. ते शेवटचं पान आता मला एका दमात समजेल. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते तिथे असेल. नाहीतर खरंच कंपनीचा पत्ताच असेल. इतकी वर्षं मी ते उघडलेलं नाही.

हे पत्र त्याच पुस्तकात ठेवणार आहे. शेवटच्या पानाशी ठेवावं, असं मनात होतं. पहिल्याच पानाशी ठेवते आहे.